गोल छिद्रांचं मशीन

मी ज्या मशीनवर काम करायचे त्याच्या कार्डांना गोल छिद्रं असायची, आणि माझ्या नोकरीचं सगळं बरंवाईट त्या गोलपणावर टांगलेलं होतं. हे ऐकून कुणाला हसू आलं तर येऊ दे. मला त्या वर्षी तरी आलं नाही.

सांगलीहून कराडकडं जाताना आमचा सहकारी साखर कारखाना लागायचा. सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं. ऑफिसच्या मागच्या अंगाला एक बंद खोली, तिच्यात एका परदेशी कंपनीचं हिशेबाचं मशीन. आजचा कॉम्प्युटर डोळ्यांपुढं आणू नका. प्रत्येक गाडीच्या उसाचं वजन आणि शेतकऱ्याचा नंबर आम्ही जाड कार्डावर छिद्रं पाडून उतरवायचो. कार्डांची चवड मशीनच्या तोंडाशी ठेवली की एक पातळ पातं खालून एकेक कार्ड आत ढकलायचं, सुया छिद्रं चाचपायच्या, आणि पलीकडं कागदावर ज्याच्या त्याच्या नावानं बेरजा छापून पडायच्या. खोलीत इतका खडखडाट व्हायचा की शेजारच्यानं हाक मारली तरी ऐकू येत नसे. मला तो आवाज फार आवडायचा.

मशीन भाड्याचं होतं. झाकणाला शिशाचं सील, आणि ते कंपनीच्या इंजिनिअरनंच उघडायचं. कार्डं कंपनीचीच घ्यायची, सुया कंपनीच्याच, शाईची फीतसुद्धा त्यांच्याचकडून मागवायची. दुसरी एक मोठी कंपनी होती, तिच्या कार्डांना चौकोनी छिद्रं. हिचं कार्ड तिच्या मशीनला चालायचं नाही, तिचं हिला नाही. मुद्दामच तसं केलेलं. एकदा घरात घेतलं की माणसानं दुसरीकडं बघूच नये, असा सगळा बंदोबस्त.

त्या बंदोबस्तात मीही होते. कंपनीनं मुंबईत शिकवून तयार केलेली आमच्या टापूतली मी एकटी. ऑफिसात मला 'मशीनवाल्या बाई' म्हणायचे. माझ्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढायचे, अगदी संचालकसुद्धा. घरी आई आणि मी, वडील जाऊन बरीच वर्षं झालेली. घर माझ्या पगारावर चालायचं हे खरंच, पण नुसतं तेवढंच नव्हतं. ज्या ऑफिसात बाईमाणसानं फार तर टाइप करावं असा समज होता, तिथं माझ्यावाचून उसाची बिलं निघत नव्हती. मला त्याचा माज होता. आता लपवून काय करायचं?

मग बातमी आली की कंपनी देशातून गाशा गुंडाळणार. सरकारनं परदेशी कंपन्यांना नवे नियम लावले होते आणि यांना ते परवडत नव्हते. कारखान्याला पत्र आलं: मशीन परत द्या, नाहीतर आहे त्या स्थितीत विकत घ्या. पुढं ना इंजिनिअर येणार, ना कार्डं मिळणार, ना सुया. आणि माझ्या नेमणुकीच्या कागदावर साफ लिहिलेलं होतं की ही जागा या मशीनपुरती. मशीन गेलं की बाई गेली.

मी रजा काढून पुण्याला गेले. तिथं चौकोनी कंपनीच्या मशीनवर काम करून देणारं एक केंद्र होतं. तिथल्या साहेबानं माझा अर्ज बघितला आणि मान हलवली.

"म्हणजे तुम्ही गोलवाल्या. आमच्याकडं सगळं चौकोनी आहे."

"कार्ड ते कार्डच की हो. शिकेन मी."

"शिकाऊ म्हणून आम्ही कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुली घेतो," तो म्हणाला. तिशी ओलांडलेल्या बाईकडं न बघता त्यानं ते म्हटलं, एवढी सभ्यता त्याच्यात होती.

येताना एसटीत माझा नुसता जळफळाट. एवढी वर्षं मी जे शिकले ते हिशेब नव्हते, यंत्र नव्हतं, एका कंपनीच्या खोडी होत्या. कंपनीनं छिद्र गोल ठेवलं ते गिऱ्हाईक बांधून ठेवायला. गिऱ्हाईक सुटलं, कंपनी सुटली, आणि दाव्याला मी राहिले. कराड येईपर्यंत मी मनाशी ठरवून टाकलं की हे मशीन हलू द्यायचं नाही.

कारखान्याचे एमडी, म्हणजे कार्यकारी संचालक, मशीन परत द्यायच्या बाजूचे. वाईट माणूस नव्हता, पण त्यांचं डोकं पुण्याकडं लागलेलं. कार्डं चौकोनी करून घ्यायची, गठ्ठे पुण्याच्या त्या केंद्रात पाठवायचे, बिलं तयार होऊन येतील, झंझट नाही. संचालकांची मीटिंग चालू होती तिथं मी न बोलावता गेले. शिपाई अडवत होता, त्याला म्हटलं, बाजूला हो.

"कार्डं म्हणजे शेवटी पुठ्ठाच आहे," मी सांगितलं. "सांगलीत लग्नपत्रिकांना त्याहून चांगला लागतो. पातं झिजलंय, ते पोलादाचं आहे. आपल्याकडं इंजिनाचे पंप दुरुस्त करणारे गल्लीगल्लीत बसलेत. कंपनी गेली म्हणून मशीन मेलं असं कुणी सांगितलं?"

एमडी म्हणाले, "अहो बाई, हे ऑइल इंजिन नव्हे."

चेअरमन पुढं सरकून बसले. मोठे बागायतदार, बोलायला रांगडे आणि डोक्यानं पक्के. ते म्हणाले, "का न्हवं? माझ्या वडलांनी पयलं इंजान आणलं तवा इलायतेचा सायब बसवाय आला हुता. आज कुठल्याबी इंजनाला कुठलंबी नोझल बसतंय. हितंबी तसंच हुईल की."

विट्याकडचे एक संचालक होते, त्यांचे भाऊ मद्रासला सोन्याची गलाई करायचे. ते हसून म्हणाले, "सोनं मुशीत गाळलं की कुठल्या सोनाराचं हुतं त्ये कुणाला वळखू येत न्हाई. ही मशिनबी एकदा गाळून बघूया."

सगळे हसले. मीही हसले. मला वाटलं, माझ्या बाजूनं बोलतायत.

मग चेअरमननी अट घातली. घटस्थापनेच्या आधी त्यांच्यासमोर चाचणी घ्यायची. कार्डं सांगलीची, पातं इथलंच, कंपनीचा माणूस नको. गेल्या हंगामातल्या एका गटाच्या, म्हणजे काही गावांच्या उसाचं वजन पुन्हा चालवायचं. बेरीज जुन्या छापील कागदाशी जुळली तर मशीन विकत घ्यायचं, नाहीतर पुणं. "आन आणखी एक," ते म्हणाले. "चालवायचं तुमी न्हाई. तुमी उद्या आजारी पडला तर आमी काय करायचं? दुसऱ्या कुणाला तरी शिकवा. त्यानं चालवून दावायचं."

मी हो म्हटलं. हो म्हणताना मला एवढंच दिसत होतं की मशीन राहणार.

शिकवायला मिळाला ऊस विभागातला एक क्लार्क, साताऱ्याकडचा, फौजेतून निवृत्त होऊन आलेला. आम्ही त्याला फौजीच म्हणायचो. चाळिशीचा, मिशा ताठ, आणि सांगितलं तेवढंच करणारा. पहिल्या दिवशी तो चपला काढून आत आला आणि मशीनसमोर सावधान उभा राहिला. मी म्हटलं, "सलाम नका ठोकू, ते काही तुमचा साहेब नव्हे."

"तुमी हायसा की ताई," तो म्हणाला.

त्याला इंग्रजी अक्षरांची भीती. म्हणून मी रंगाची डबी आणली आणि एकेका खटक्यापाशी मराठीत रंगवलं: 'सुरू', 'थांब', 'कागद वर', 'अडकल्यास आधी हे'. ज्या खोडी मला मुंबईत महिनोन् महिने टोचून शिकवल्या होत्या, त्या अशा चार शब्दांत बसतात हे बघून मला गंमत वाटली. थोडा रागही आला.

त्याच सुमारास कंपनीचा इंजिनिअर शेवटचा येऊन गेला. पक्कडीनं सील तोडून त्यानं शिसं टेबलावर ठेवलं आणि माझी रंगरंगोटी न्याहाळत बसला. "आमच्या मोठ्या साहेबांना वाटायचं, सील आहे तोवर कंपनी आहे," तो म्हणाला. मी म्हटलं, "तुमची कंपनी निघाली, आता आम्हाला शहाणपण नको." बिचारा चहासुद्धा न घेता गेला.

पातं केलं कराडच्या एका लेथवाल्यानं. त्यानं जुनं पातं नखावर घासून बघितलं, म्हणाला, "ह्ये तर हॅक्सॉच्या करवतीचं पोलाद हाय, आक्का." पहिलं पातं जाड झालं, कार्ड ढकलेना. दुसरं पातळ झालं, वाकलं. तिसरं बसलं. कार्डांसाठी मी सांगलीतला लग्नपत्रिका छापणारा गाठला. पितृपंधरवडा चालू, लग्नाचं काम बंद, तेव्हा तो रिकामाच होता. तरी कुरकुरला, "पितृपक्षात नवं काम धरायचं म्हणजे..." मी म्हटलं, "मशीन जुनं आहे, तेव्हा काम नवं नाही." हे त्याला पटलं की माझ्या तोंडाला घाबरून तो तयार झाला, देव जाणे. पण पुठ्ठा चोख कापला. हात फिरवला तरी कड टोचत नव्हती.

चाचणीचा दिवस ढगाळ, हवेत ओल. आदल्या दिवशी मी सगळी कार्डं पाडून चवडी लावून ठेवल्या होत्या. सकाळी सांगलीच्या त्या छापखान्याचे मालक स्वतः हजर. एवढ्या मोठ्या यंत्रात आपलं काम चालणार म्हणून कडक इस्त्रीचा सदरा घालून आले होते. त्यांना खोलीत बसवून मी चेअरमनना आणायला गेले. परत आले तर खोलीत गर्दी: संचालक, एमडी, लेथवाला, दारात क्लार्क मंडळी. फौजीनं चवड मशीनच्या तोंडाशी लावलेलीच होती.

चेअरमन मला म्हणाले, "ताई, तुमी हिकडं उभ्या ऱ्हावा. हात लावायचा न्हाई."

मी हात मागं बांधून भिंतीला टेकले. फौजीनं 'सुरू' दाबलं. खडखडाट सुरू झाला. पहिली कार्डं सरळ गेली. नवं पातं त्यांना छान ढकलत होतं. एवढ्यात आवाज बदलला. बाकीच्यांना काही कळलं नसेल, पण मला तो आवाज म्हणजे रोजचं घर. दोन कार्डं एकदम आत गेली होती. मग करकर झाली आणि मशीन दात खाऊन थांबलं.

एमडींनी घड्याळाकडं बघितलं. "मी म्हणत होतो," ते हळू आवाजात म्हणाले, "गल्लीतल्या मालावर असली यंत्रं चालत नाहीत."

लेथवाल्याचा चेहरा उतरला. त्याला वाटलं, पातं. मला मात्र पातं वाटत नव्हतं. मी पुढं सरकले तर चेअरमननी नुसता हात वर केला. मी जागच्या जागी थांबले.

"फौजी," मी म्हटलं, "'थांब' दाबा. आता 'अडकल्यास आधी हे' लिहिलंय तो दांडा खाली. झाकण उचला. फाटलेलं कार्ड ओढू नका, दोन्ही कडांना धरून वर घ्या."

त्यानं घेतलं. एक नव्हे, दोन कार्डं, कोपऱ्याला एकमेकांना चिकटलेली. "कोपरा कसला आहे बघा."

"पिवळा हाय, ताई. हळदीचा वास येतुया."

मी छापखान्याच्या मालकांकडं बघितलं. त्यांचा चेहरा पडला. "अहो, पहिलंच काम," ते म्हणाले, "पितृपक्षात धरलेलं. लग्नपत्रिकांना लावतो तसं चवडीच्या चारी कोपऱ्यांना ओलं हळदकुंकू लावलं. शुभ व्हावं म्हणून."

"आणि तुम्हाला दिसलं नाही का?" मी फौजीवर डाफरले.

"दिसलं की. पूजा झाल्याली चवड, ती मी कशाला पुसू?"

चेअरमन खो खो हसायला लागले. मला मात्र रडू येत होतं, आणि त्याहून जास्त त्या इस्त्रीच्या सदऱ्याची कॉलर धरावीशी वाटत होती. माझं सगळं आयुष्य त्या ओल्या हळदीत चिकटून बसलं होतं आणि खोलीभर लोकांना मौज वाटत होती. एमडी म्हणाले, "आता पुरे. हा पोरखेळ आहे."

"साहेब, हळद वाळते," मी म्हटलं. "पाच मिनिटं द्या. फौजी, कामगारांच्या क्लबातून कॅरमची पावडर आणा."

तो पळत गेला, पळत आला. मी भिंतीपासून हलले नाही, फक्त बोलत राहिले. चवड हातात घ्या. पत्त्यांसारखी पिसा. चिकटलेली अलगद सोडवा, नखानं नको, फुंकरीनं. कोपरे धोतराच्या फडक्यानं पुसा. आता पावडर टाका, पुन्हा पिसा, जादाची झटका. फाटलेल्या कार्डाचं नवं पाडा, नंबर मी सांगते. तो माझा शब्द खाली पडू देत नव्हता. एकदा तर मी सांगायच्या आधीच त्यानं चवड टेबलावर ठोकून कडा सारख्या केल्या. मनात म्हटलं, शहाणा आहे.

दुसऱ्यांदा 'सुरू' दाबलं तेव्हा मी डोळे मिटून नुसता आवाज ऐकत होते. खडखड, खडखड, एकसारखी, कुठंही दचका नाही. शेवटचं कार्ड गेलं. कागद बाहेर आला. चेअरमननी जुना कागद शेजारी धरला, गावागावाच्या बेरजांवरून बोट फिरवत खाली आले आणि म्हणाले, "झालं. जुळलं."

टाळ्या वाजल्या. लेथवाल्यानं छापखान्याच्या मालकांच्या पाठीत धपका घातला. एमडींनीसुद्धा मोकळ्या मनानं सांगितलं, "बाई, तुम्ही जिंकलात." घरी जाऊन मी आईला गोड शिरा करायला सांगितला. त्या दिवसाइतकी मी त्याआधी किंवा नंतर कधी खूश झाले असेन असं वाटत नाही.

दसऱ्याच्या आत मशीन कारखान्याच्या मालकीचं झालं. आणि दसऱ्यानंतर चेअरमननी मला बोलावलं. समोर बसवलं, चहा मागवला. ते सावकाश बोलले, दुखावायचं नव्हतं त्यांना.

"ताई, तुमी लय मोठं काम केलं. पर आता त्या मशिनीला खास मानूस कशाला? फौजी चालवतुया, आनखी दोघं शिकत्यात. हंगाम संपला की ती तिघं पुन्यांदा ऊस विभागात. तुमच्या जागेला संचालक मंडळ मंजुरी देईना. बारदानाच्या गोदामात रोजंदारीवर हाय एक काम, बगा."

"मी रिकामी पोती मोजणार नाही," मी म्हटलं.

"आवं, रागावू नगा."

"रागावू नको तर काय करू? कंपनी असती तर तुम्ही मला असं बोलला असतात का?"

त्यांनी खरं उत्तर दिलं, याचं मला अजून नवल वाटतं. "न्हाई," ते म्हणाले. "तवा तुमी नसला तर मशिन बंद पडत हुती."

चहा तसाच ठेवून मी उठले. खोलीत जाऊन माझ्या वस्तू पिशवीत भरल्या. फौजी मशीनवर होता, त्याला काहीच माहीत नव्हतं. त्यानं उठून जागा दिली. मी म्हटलं, बसा, चालू दे तुमचं. आणि फाटकाबाहेर येऊन एसटीची वाट बघत उभी राहिले.

थोड्या वेळानं बघते तो फौजी रस्त्यानं धावत येतोय, हात वर करून. "ताई, थांबा! मशिन अडकली!"

सांगायला लाज वाटत नाही: माझ्या अंगात एकदम जीव आला. पिशवी मी दुसऱ्या हातात घेतली, पदर खोचला आणि फाटकाकडं वळलेसुद्धा. अडकलं ना? मग या आता हात जोडत. चेअरमनना काय काय सुनवायचं ते सगळं माझ्या तोंडात तयार होतं.

तो जवळ आला, धाप टाकत, घामानं डबडबलेला, आणि आनंद त्याच्या मिशांत मावत नव्हता. "लय वंगाळ अडकली हुती, ताई. सुयांपाशी. एमडी साहेब म्हनले, बाईंना बोलवा. म्या म्हनलं, थांबा जरा. तुमी शिकवलं तसं केलं सगळं, दांडा खाली, दोन्ही कडा धरून वर. निघालं बगा. आता झ्याक चालतीया. तुमास्नी सांगावं म्हनून आलो."

एसटी आली. मी म्हटलं, "चांगलं केलंत," आणि चढले.